जायबंदी सैनिकाची अर्जी: सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधली मदत, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वाचण्याआधी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव किंवा वस्ती, आणि कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं. बाकीचे शब्द ओघात येतील.

१. लढाईत हात-पाय गमावलेला सैनिक मदत मागायला कुणाकडे जायचा? राजाकडे?

राजाकडे नाही, कौंटीकडे. सैनिक लढायचा राजासाठी (किंवा १६४२ नंतर, राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटल्यावर, पार्लमेंटसाठी), पण तो जायबंदी झाला की त्याला पोसायचा बोजा त्याच्या कौंटीतल्या करदात्यांवर पडायचा. ही व्यवस्था एलिझाबेथ राणीच्या काळात १५९३ च्या कायद्याने सुरू झाली, कारण फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मोहिमांतून परतलेले लंगडे-थोटे सैनिक रस्तोरस्ती दिसू लागले होते. पुढे कायदा दोनदा सुधारला, आणि त्याचं १६०१ चं रूप सतराव्या शतकात बराच काळ चाललं. निर्णय घ्यायचे जस्टिस ऑफ द पीस. हे कौंटीतले बडे जमीनदारच असत, बिनपगारी. वर्षातून चार वेळा ते एकत्र बसत, त्याला क्वार्टर सेशन्स म्हणत: जानेवारीत एपिफनीनंतर, मग ईस्टरनंतर, जुलैत आणि मायकलमसनंतर ऑक्टोबरात. अर्ज तिथेच व्हायचा.

२. पण पैसा यायचा कुठून?

पट्टीतून. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आठवड्याला किमान २ आणि जास्तीत जास्त १० पेन्स बसवले (१५९३ मध्ये हेच १ ते ६ पेन्स होते). पन्नासहून जास्त पॅरिश असलेल्या कौंटीत सरासरी दर पॅरिशमागे ६ पेन्सच्या वर न्यायची मुभा नव्हती. चर्चवॉर्डन आणि गावचा कॉन्स्टेबल पैसे गोळा करत, ते हाय कॉन्स्टेबलकडे (अनेक पॅरिशवरच्या अधिकाऱ्याकडे) जात आणि तिथून कौंटीच्या खजिनदाराकडे.

हिशेब करून पाहा. आठवड्याला ६ पेन्स म्हणजे वर्षाला २६ शिलिंग. ३०० पॅरिशच्या कौंटीत सगळे पैसे वेळेवर जमले, तरी वर्षाचे ३९० पौंड. लढाई एक, जायबंदी शेकडो, आणि भांडं एवढंच. शिवाय पैसे वेळेवर जमत नसतच. पॅरिशची थकबाकी राही, कॉन्स्टेबल वर्षाने बदले आणि आधीच्या कॉन्स्टेबलचा हिशेब नव्याला सापडत नसे. खजिनदारही दरवर्षी नवा. मंजूर झालेली पेन्शन हातात न पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. त्यात कुणाचा दुष्टपणा असेलच असं नाही.

३. मिळायचं तरी किती?

कायद्यातल्या कमाल मर्यादा अशा: साध्या सैनिकाला वर्षाला १० पौंड, लेफ्टनंटच्या खालच्या अधिकाऱ्याला १५, लेफ्टनंटला २०. हे आकडे वाचून लोक फसतात. ही कमाल होती, हक्क नव्हता. प्रत्यक्षात साध्या सैनिकाच्या पदरात बहुतेकदा वर्षाला २ ते ४ पौंड पडत, तेही तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांनी. अनेकांना पेन्शनच नाही, काही शिलिंगांची एकरकमी मदत देऊन वाटेला लावत.

२ पौंड म्हणजे ४८० पेन्स. शतकाच्या मध्याला शेतमजूर दिवसाला साधारण ८ ते १२ पेन्स कमवायचा. म्हणजे वर्षाची पेन्शन ही धडधाकट माणसाची जेमतेम दोन महिन्यांची मजुरी. एवढ्यावर घर चालत नसे. चूल पेटवायला कुटुंबाची कमाई आणि पॅरिशचा हात लागायचाच (प्रश्न ४).

४. १६०१ चा गरिबांचा प्रसिद्ध कायदा म्हणतात, तो हाच ना?

नाही, आणि हा गोंधळ आम्हाला सर्वाधिक दिसतो. दोन्ही कायदे एकाच वर्षीचे, एकाच पार्लमेंटचे, कायद्याच्या पुस्तकात एकापाठोपाठ एक. गरिबांच्या कायद्यात मदत पॅरिशची, वाटणारा ओव्हरसिअर, आणि पात्रता फक्त गरिबीची. सैनिकांच्या कायद्यात मदत कौंटीची, देणारे जस्टिस, आणि पात्रता सेवा अधिक जखम अधिक गरिबी.

मानाच्या दृष्टीनेही फरक होता. कौंटीचा पैसा म्हणजे बजावलेल्या सेवेचा मोबदला, असं सैनिक स्वतः मानत. पॅरिशचा पैसा म्हणजे गावाने टाकलेला तुकडा. १६९७ च्या कायद्यानंतर तर पॅरिशची मदत घेणाऱ्याला उजव्या बाहीवर खांद्याजवळ लाल किंवा निळ्या कापडाचा बिल्ला लावावा लागे, त्यावर पॅरिशचं आद्याक्षर आणि ‘पी’. आणि १६६२ च्या वास्तव्य कायद्यानंतर पॅरिशची मदत मागताना आधी सिद्ध करावं लागे की माणूस याच गावचा आहे. मुलूखभर फिरलेल्या सैनिकाला ते नेहमीच सोपं जात नसे.

जस्टिसांना मात्र या सीमारेषेचा उपयोग व्हायचा. कौंटीकडे पैसा नसला की ते ओव्हरसिअरला सांगत, याला तुम्ही बघा.

५. अर्जाच्या पायऱ्या कोणत्या?

आधी दाखला. सेनापती किंवा कप्तान यांच्या सही-शिक्क्याचा, त्यात सेवा आणि जखम नोंदलेली. हजेरीपट सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने तो मान्य करायचा.

मग योग्य कौंटी. सक्तीने भरती झालेल्याने जिथून भरती झाली तिथे जायचं. स्वखुशीने गेलेल्याला जन्माची कौंटी किंवा शेवटची तीन वर्षं राहिला ती, यांतली एक निवडता येई. इथे चूक झाली तर अर्ज गुणदोष न पाहताच परत.

परदेशातून दूरच्या बंदरावर उतरलेल्याला त्या कौंटीचा खजिनदार दाखला पाहून पुढच्या कौंटीपर्यंतचा वाटखर्च देई. पुढचा खजिनदार त्याच्या पुढच्या कौंटीपर्यंतचा. आपल्या कौंटीत पोचल्यावर तिथला खजिनदार पुढच्या सेशन्सपर्यंत तात्पुरतं काहीतरी देई. सेशन्सला अर्जदाराने शक्यतो स्वतः हजर राहायचं, जस्टिस जखम डोळ्यांनी बघत. मंजूर झालं की हुकूम निघे, आणि तो हुकूम घेऊन दर तिमाहीला खजिनदाराच्या दारात.

यादवीनंतर ही साखळी पहिल्याच कडीत तुटायची. दाखला नसायचा. त्यासाठी प्रश्न ८.

६. अर्जात नेमकं काय लिहीत?

साचा ठरलेला असे. खालचा नमुना आम्ही रचलेला आहे, कुणाचा खरा अर्ज नाही. क्रम आणि सूर मात्र १६६० नंतरच्या अर्जांचा:

‘अमुक कौंटीच्या सन्माननीय जस्टिसांच्या सेवेशी. अमुक पॅरिशचा गरीब विणकर अमुक याची नम्र विनंती. अर्जदार दिवंगत राजेसाहेबांच्या सेवेत कप्तान अमुक यांच्या तुकडीत तीन वर्षं निष्ठेने राहिला. नेसबीच्या लढाईत त्याच्या डाव्या खांद्यात गोळी शिरली ती अजून आत आहे, आणि उजव्या हाताची दोन बोटं तुटली. आता वय साठीच्या पुढे. हातात धोटा धरवत नाही. बायको आजारी, पदरी तीन लेकरं. आजवर कौंटीवर भार झाला नाही. तरी आपण कृपाळू होऊन पेन्शन द्यावी, आणि अर्जदार आपल्यासाठी सदैव प्रार्थना करील.’

प्रत्येक तुकड्याला काम आहे. कप्तानाचं नाव पडताळणीसाठी, ‘निष्ठेने’ हा शब्द पळून गेला नव्हता हे सांगायला, ‘दिवंगत राजेसाहेबांच्या सेवेत’ हे बाजू कळायला. ‘धोटा धरवत नाही’ हे सगळ्यात वजनदार वाक्य, कारण जखमेने पोटाचा धंदा कसा गेला ते तिथे कळतं. ‘आजवर भार झाला नाही’ हे जस्टिसांच्या मनातल्या शंकेला आधीच दिलेलं उत्तर. अर्जदार नुसता गरीब नाही, लायक गरीब आहे, हे पटवायचं असे.

७. अर्ज तो स्वतः लिहायचा का?

क्वचित. बहुतेकांना लिहिता येत नसे. गावचा धर्मगुरू, शाळामास्तर किंवा सेशन्सभोवती घोटाळणारा लेखनिक लिहून देई. म्हणून भाषा एकसुरी वाटते. पण जखमेचं वर्णन आणि ठिकाणांची नावं लेखनिकाने मनची घालणं कठीण. तिथे सैनिकाचं बोलणं ऐकू येतं.

८. कप्तान मेला, दाखला हरवला, मग?

हा अपवाद म्हणता म्हणता नियमच झाला. १६४२ ते १६५१ च्या धुमश्चक्रीत कप्तान मारले गेले, परागंदा झाले, तुकड्या मोडल्या. अशा वेळी चार प्रकारचे कागद चालत: जिवंत असलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याची चिठ्ठी, सोबत लढलेल्यांची साक्ष, उपचार केलेल्या शस्त्रवैद्याचं प्रमाणपत्र, आणि पॅरिशचा धर्मगुरू व प्रतिष्ठित रहिवासी यांच्या सह्यांचा कागद. शेवटचा सर्वांत जास्त दिसतो. सही न येणारे खाली फुली किंवा खूण करत.

गावकऱ्यांच्या सह्यांकडे मात्र जरा तिरक्या नजरेने बघावं. शेजारधर्म त्यात होताच, पण म्हातारा कौंटीच्या पेन्शनवर गेला की पॅरिशच्या पट्टीचा बोजा हलका होई, हेही सही करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

खोटा दाखला केल्याचं उघड झालं तर पेन्शन जायचीच, वर भामट्याची शिक्षा.

९. जखम किती मोठी लागायची? आणि इतके अर्जदार म्हातारे का?

अवयवांचं दरपत्रक कौंटीत नव्हतं (नाविकांकडे होतं, प्रश्न १५ पाहा). कसोटी एकच: काम होतं का? एक डोळा गेलेला नांगरकरी नांगर धरू शकतो, म्हणून त्याचा अर्ज दुबळा. मनगट आखडलेला विणकर उपाशी मरतो, म्हणून त्याचा जोरदार.

म्हातारपणाचं कोडंही इथेच सुटतं. पंचविशीत पायात गोळी लागलेला माणूस लंगडत का होईना पंधरा-वीस वर्षं काम करायचा. मग वय झालं की जुनी जखम पुन्हा फुटायची, हाडाच्या कपच्या बाहेर यायच्या, थंडीत सांधा धरायचा. तेव्हा तो अर्ज करायचा. १६४२ च्या एजहिलच्या लढाईत वीस वर्षांचा असलेला सैनिक १६८२ मध्ये साठीचा. त्यामुळे लढाई संपून चाळीस वर्षं झाल्यावर आलेला अर्ज पाहून ‘इतका उशीर? म्हणजे खोटा’ असं ठरवू नका.

१०. राजाच्या बाजूने लढला की पार्लमेंटच्या, याने फरक पडायचा?

पूर्ण फरक पडायचा. पार्लमेंटने ऑक्टोबर १६४२ मध्येच आपल्या जायबंदींची आणि मृतांच्या कुटुंबांची काळजी घेण्याचं जाहीर केलं. १६४७ च्या वटहुकमांनी ती जबाबदारी कौंटीच्या पट्टीवर टाकली. राजाकडच्यांना त्या काळात दार बंद.

१६४९ मध्ये राजाचा वध झाला, पण १६६० मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि बाजू उलटली. पार्लमेंटच्या सैनिकांची नावं पेन्शनच्या यादीतून उडाली. १६६२ च्या कायद्याने राजाच्या आणि त्याच्या बापाच्या निष्ठावंत सैनिकांना त्याच पट्टीतून मदत सुरू झाली. एक पाय तोच, जखम तीच, फक्त सरकार बदललं. काही म्हाताऱ्यांना त्यानंतर पॅरिशपुढे हात पसरावा लागला.

एक सापळा सांगून ठेवतो. १६४० च्या दशकातल्या अर्जात ‘राजा आणि पार्लमेंट यांच्या सेवेत’ असं वाचून अर्जदार राजनिष्ठ होता असं समजू नका. पार्लमेंटची अधिकृत भाषाच ती होती. आम्ही राजाला वाईट सल्लागारांपासून सोडवतोय, असा त्यांचा दावा होता.

११. दोन्हीकडून लढलेल्याचं काय?

असे बरेच होते. कैद झाल्यावर बाजू बदलून सैन्यात राहणं हा जगायचा मार्ग होता. अर्जात मात्र एकच बाजू दिसते, जी सत्तेत आहे ती. म्हणून १६६० नंतरच्या अर्जात १६४३ ते १६४५ तपशीलवार आणि पुढची वर्षं गायब असली, तर ती पोकळी वाचायला शिका. १६६२ च्या कायद्याखाली राजाची सेवा सोडून गेल्याचा आरोप सिद्ध झाला तर अर्ज बुडायचा, आणि आरोप करायला गावातला एक वैरी पुरे.

१२. अधिकाऱ्यांनाही हेच?

वरच्या हुद्द्याच्या राजनिष्ठांसाठी निराळी सोय झाली. १६६२ मध्ये गरजू अधिकाऱ्यांना वाटायला ६०,००० पौंड मंजूर झाले. दावेदारांची यादी १६६३ मध्ये छापली गेली, तिच्यात ५,००० हून जास्त नावं. भागाकार करा, म्हणजे सरासरी एकेकाच्या वाट्याला काय आलं असेल ते कळेल. साधा शिपाई या यादीत शोधू नका.

१३. विधवांना काही होतं का?

एलिझाबेथच्या कायद्यात नव्हतं, तो जखमी झालेल्या माणसापुरता होता. पार्लमेंटने यादवीत विधवा आणि अनाथांना कौंटीच्या मदतीत आणलं, हे त्या काळात नवीन होतं. पण नवरा लढाईत मेला हे सिद्ध करायची जबाबदारी बाईवर, आणि साक्षीदार कुठल्या तरी दुसऱ्या टोकाच्या कौंटीत. १६६० नंतर पार्लमेंटकडच्या विधवांचा हा आधार तुटला. मराठेशाहीतली बालपरवेशी डोळ्यांसमोर ठेवून हे वाचू नका. तिथे सरकार मृताच्या मुलाबाळांना आपणहून नेमणूक करून देई. इथे प्रत्येकीने स्वतः अर्ज घेऊन उभं राहायचं.

१४. वाटेत भीक मागितली तर चालायचं?

परवान्याच्या कागदाशिवाय नाही. पेन्शनर भीक मागताना सापडला तर पेन्शन कायमची बंद आणि भामट्याची शिक्षा. १५९८ च्या आणखी एका कायद्याने परवान्याशिवाय भटकणारा सैनिक किंवा सैनिक असल्याचं ढोंग करणारा फासावर जाऊ शकत असे. परवान्यावर कुठून कुठे आणि किती दिवसांत, हे लिहिलेलं असायचं. लाकडी पायाने ठरल्या दिवसांत अंतर कापता आलं नाही तर कायद्याच्या नजरेत माणूस भटक्या ठरायचा.

१५. नाविकांचं?

१६०१ च्या कायद्यात तेही होते. शिवाय आरमाराच्या खलाशांचा स्वतःचा निधी होता, चॅटम चेस्ट, साधारण १५९० पासूनचा. खलाशाच्या पगारातून महिन्याला ६ पेन्स कापून तो भरत. तिथे अवयवाचा दर ठरलेला: शतकाच्या उत्तरार्धात एक हात किंवा पाय गेला तर वर्षाला ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. जमिनीवरच्या सैनिकाच्या २ पौंडांशेजारी हा आकडा ठेवून बघा. निधीत घोटाळे खूप झाले, पैसे रखडत, तरी दर निदान लिहिलेला होता.

१६. चेल्सी हॉस्पिटलात (लंडनमधल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या निवासघरात) जागा मिळायची ना?

यादवीतल्या म्हाताऱ्याला बहुधा नाही. चेल्सीची योजना दुसऱ्या चार्ल्सने १६८१ मध्ये आखली, इमारत वास्तुशिल्पी क्रिस्टोफर रेनची, आणि पेन्शनर प्रत्यक्ष राहायला आले १६९२ मध्ये, ४७६ जण. ती कायम फौजेच्या सैनिकांसाठी होती. त्याआधी वॉरिकचं लेस्टर हॉस्पिटल (१५७१), लंडनचं चार्टरहाऊस (१६११), हेरफर्डचं कॉनिंग्सबी हॉस्पिटल (१६१४) अशी धर्मादाय घरं होती, पण जागा मोजक्या आणि वशिल्याच्या. लंडनमध्ये सव्हॉय आणि ईली हाऊस ही पार्लमेंटची लष्करी रुग्णालयं १६६० ला बंद झाली.

१७. मंजूर पेन्शन बंद का व्हायची?

जस्टिसांना ती कमी करण्याचा किंवा काढण्याचा अधिकार होता आणि ते वापरत. मधूनमधून सगळ्या पेन्शनरांना सेशन्सला बोलावून फेरतपासणी होई. जो आला नाही तो गेला, आजारी असल्याने आला नसला तरीही. थोडा बरा झालेला, जमीन वारशाने मिळालेला, दारूच्या गुत्त्यावर भांडलेला, सगळे कात्रीत. तिजोरी रिकामी असली की अर्जाला उत्तर मिळे: एखादा पेन्शनर मेला की पुढची जागा तुझी. मग म्हातारे दुसऱ्या म्हाताऱ्याच्या मरणाची वाट पाहत बसत.

१८. पेन्शन न मिळालेल्याला धंदा तरी करता यायचा?

एरवी शहरात कसब चालवायला सात वर्षांची उमेदवारी लागे. सैन्यात गेलेल्या पोरांची ती अर्धवट राहिलेली. म्हणून १६५४ च्या वटहुकमाने आणि पुन्हा १६६० च्या कायद्याने सैन्यातून सुटलेल्यांना उमेदवारी पुरी नसतानाही धंदा करायची मुभा दिली. अर्थात हात शाबूत असेल तर.

१९. हे अर्ज आज कुठे वाचायला मिळतात, आणि तारखा का जुळत नाहीत?

मूळ कागद कौंट्यांच्या दफ्तरखान्यांत, क्वार्टर सेशन्सच्या गुंडाळ्यांत. हुकूमवही आणि खजिनदाराचा हिशेब वेगळे. तिन्ही एकत्र लावल्याशिवाय अर्ज मंजूर झाला की पैसे खरंच मिळाले हे कळत नाही. १६४२ ते १७१० मधल्या यादवी सैनिकांच्या आणि विधवांच्या अर्जांची छायाचित्रं व वाचनं ‘सिव्हिल वॉर पिटिशन्स’ या संकेतस्थळावर फुकट आहेत. घरबसल्या तिथून सुरुवात करा.

तारखांचं असं. तेव्हाचं इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे कागदावर जानेवारी १६६२ असेल तर आपल्या हिशेबाने १६६३. आणि राज्यवर्षं लिहिलेली असली तर आणखी जपून: दुसऱ्या चार्ल्सचं राज्य त्याच्या बापाच्या वधापासून, ३० जानेवारी १६४९ पासून मोजत. म्हणून तो परतला ते १६६० हे त्याचं बारावं वर्ष. नावांची स्पेलिंग एकाच कागदावर दोन तऱ्हांनी सापडतात, तेव्हा शोधताना आडनावाऐवजी पॅरिशच्या नावाने शोधलेलं बरं.